बोर्ड जळाला नव्हता

विज्ञान प्रदर्शनाला दोन दिवस उरले आणि आमच्या मुलींच्या आर्डुइनो नॅनो बोर्डावर प्रोग्राम चढेना. दिवा लागत होता, तरी "बोर्ड जळाला" म्हणत एकीला रडू आले.

आम्ही क्रमाने तपासले. पोर्टच्या यादीत बोर्ड नव्हता. केबल फक्त चार्जिंगची निघाली; तिच्यातून वीज जाते, माहिती नाही. केबल बदलली, सीएच३४० चिपचा ड्रायव्हर घातला, पोर्ट दिसला. आता संदेश आला, 'नॉट इन सिंक'. ० आणि १ क्रमांकाच्या पिनांवरच्या तारा काढल्या, कारण प्रोग्राम त्याच वाटेने जातो. शेवटी प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडले आणि प्रोग्राम चढला.

पालकहो, नवा बोर्ड आणण्याआधी मुलांना असे एकेक तपासू द्या. पैसे वाचतात आणि "माझ्यामुळे बिघडले" ही भीतीही जाते.