छोट्या आगगाडीच्या गांवांतील पाट्या

आगगाडीच्या खिडकीशीं बसलेला मनुष्य बाहेर काय पाहतो, असें कोणी विचारल्यास आपण डोंगर, शेतें, नद्या अशीं उत्तरें देऊं. पण खरें सांगावयाचें तर त्याचे डोळे पुनःपुन्हां ज्या वस्तूकडे वळतात ती वस्तु म्हणजे पाटी. स्टेशनाचें नांव, दुकानाचें नांव, एखाद्या साबणाची जाहिरात. अक्षरओळख असलेला मनुष्य पाटी दिसली कीं ती वाचल्यावांचून राहूं शकत नाहीं. म्हणूनच मेजावर उभारलेल्या छोट्या आगगाडीच्या गांवाला खरेपणा येतो तो इंजिनापेक्षांहि त्या गांवांतील पाट्यांमुळें. अशा जुन्या धर्तीच्या पाट्या कशा कराव्या, याविषयीं आज चार शब्द सांगणार आहें.

हा छंद आपल्याकडे अगदींच अपरिचित नाहीं. पुण्यास कर्वे रस्त्यावर १९९८ पासून छोट्या आगगाड्यांचें एक संग्रहालय आहे, आणि तेथें मुलांना घेऊन गेलेले आईबापच मुलांपेक्षां अधिक वेळ रेंगाळतात. माझ्या घरचा पसारा त्या मानानें फारच लहान. अमेरिकेंत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्यानें एक गाडी धाडली, आणि गाडी अमेरिकन म्हणून तिच्यासाठीं गांवहि अमेरिकन वसवावें लागलें. टेनेसी राज्यांत, चॅटनूगा शहरापासून थोड्या अंतरावर, एक काल्पनिक खेडें; काळ १९३८ चा. माप एच्. ओ. या नांवाचें, म्हणजे मूळ वस्तूच्या सुमारें सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढें. या मापांत एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुढील सारें गणित सोपें होतें.

पहिल्या वर्षीं मीं मोठ्या हौसेनें दहाबारा पाट्या केल्या आणि एक दिवस आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांना त्या दाखविल्या. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं. उभा जन्म त्यांनीं पुण्यांत दुकानांच्या पाट्या रंगविण्यांत घालविला होता. बराच वेळ निरखून पाहून ते म्हणाले, "साहेब, अक्षर ठीक आहे. पण ह्या पाट्या वाचणार कोण?"

"आपणच कीं, अण्णा," मी म्हणालों.

"तेंच तर चुकलें," ते म्हणाले. "आपण ह्या गांवचे नव्हे. रस्ता पलीकडून जातो आणि पाट्या सगळ्या आपल्याकडे तोंड करून उभ्या. गांवांतल्या माणसाला नुसती पाठच दिसायची."

श्रोतेहो, या कलेचें सारें मर्म त्या एका प्रश्नांत आहे. पाटी ही पाहुण्यासाठीं नसते; त्या चिमुकल्या जगांतील कोणा ना कोणा रहिवाशासाठीं असते. तो वाचक कोण, तो पायीं चालला आहे कीं मोटारींत बसला आहे, हें एकदां ठरलें म्हणजे पाटीचें स्थान, तिची दिशा आणि तिच्या अक्षरांचा आकार हीं तिन्ही आपोआप ठरतात.

मोटारवाल्याचेंच उदाहरण घ्या. त्या काळीं अमेरिकेच्या हमरस्त्यांवर कागदी जाहिरातींचे मोठे फलक उभे असत. त्यांना 'चोवीस तावी' असें नांव होतें, कारण आरंभीं एक जाहिरात चोवीस ताव शेजारीं शेजारीं डकवून पुरी होई. पुढें छापखान्यांचीं यंत्रें मोठीं झालीं, तावांची संख्या घटली, पण नांव राहिलें. फलक सुमारें १२ फूट उंच व २५ फूट रुंद असे. म्हणजे आमच्या मापांत ४२ मिलिमीटर व साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर. प्रत्यक्ष चित्र मात्र याहून लहान, साडेएकोणीस फूट रुंद व आठ फूट आठ इंच उंच असे, आणि त्याच्या भोंवतीं कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी असे. नवशिका करणारा चित्र चौकटीपर्यंत ताणतो आणि तेथेंच फसतो. ती पांढरी पट्टी ठेवा, आणि तावांचे जोड टोंकदार पेन्सिलीनें अगदीं पुसट आंखा. फलक ताबडतोब खरा वाटूं लागतो.

दुसरें उदाहरण याहून गमतीचें. 'बर्मा-शेव्ह' नांवाच्या दाढीच्या मलमाच्या कंपनीनें १९२५ सालीं मिनेसोटा राज्यांत रस्त्याच्या कडेला लहान लहान पाट्यांची ओळ लावण्यास आरंभ केला. एका ओळींत बहुधा सहा पाट्या. प्रत्येकीवर विनोदी यमकाचा एकेक तुकडा आणि शेवटच्या पाटीवर मालाचें नांव. पाट्यांत सुमारें शंभर पावलांचें अंतर असे. एक वाचून होते न होते तों दुसरी पुढें येई. ही प्रथा १९६३ पर्यंत टिकली. आतां शंभर पावलें म्हणजे अडीचशें फूट धरले तरी आमच्या मापांत पाऊण मीटरहून अधिक अंतर होतें, आणि सहा पाट्यांस चार मीटरांहून मोठा रस्ता लागतो. एवढी खोली कोणाच्या घरीं असते? तेव्हां येथें तडजोड करणें भाग आहे. मीं अंतर १२ सेंटिमीटरांवर आणलें. पण पाट्यांची संख्या, क्रम आणि एकाच दिशेनें येणाऱ्या मोटारींकडे असलेलें त्यांचें तोंड यांस हात लावला नाहीं. अंतर आंखडलें तर डोळा क्षमा करतो. क्रम बिघडला तर करीत नाहीं.

तिसरें उदाहरण कोठाराच्या छपराचें. चॅटनूगाजवळच्या लुकआउट डोंगरावर 'रॉक सिटी' नांवाचें उद्यान १९३२ सालीं खुलें झालें. मालकाला गिऱ्हाइकें हवीं होतीं. त्यानें क्लार्क बायर्स नांवाच्या रंगाऱ्यास धाडून शेतकऱ्यांच्या कोठारांचीं छपरें काळीं रंगवून घेतलीं आणि त्यांवर 'रॉक सिटी पाहा' अशीं प्रचंड पांढरीं अक्षरें काढविलीं. शेतकऱ्यास छपराला रंग फुकट मिळे. बायर्सनें हें काम १९६९ पर्यंत केलें, आणि तोंवर अशीं सुमारें नऊशें कोठारें एकोणीस राज्यांत उभीं होतीं. छप्पर दुरून, वळणावरून दिसतें, म्हणून तेथें शब्द तीन आणि अक्षरें पुरुषभर उंच. उलट किराणा दुकानाच्या दारावरची पाटी पायीं जाणाऱ्यासाठीं असते. तिच्यावर मालाची यादीहि खपते.

वाचक ठरला म्हणजे काळ ठरवावा. माझ्या एका फलकावर पत्त्याखालीं पांच आंकडी टपालक्रमांक होता. अमेरिकेंत हे क्रमांक १९६३ सालीं आले! दुसरा फलक मीं हेल्व्हेटिका वळणाच्या अक्षरांत छापला होता. तें वळण १९५७ च्या पूर्वीं जन्मासच आलें नव्हतें. १९३८ च्या गांवांत अशी पाटी म्हणजे पेशव्यांच्या मनगटावर घड्याळ. याच्या उलट, भिंतीवर कोका-कोलाची किंमत पांच सेंट लिहिलीत तर ती अचूक आहे. १८८६ पासून तोंवर ती बदललेलीच नव्हती. या पेयाची भिंतीवर रंगविलेली पहिली जाहिरात १८९४ सालीं जॉर्जिया राज्यांतील कार्टर्सव्हिल येथें काढली गेली, आणि अशा भिंती दक्षिणेंतील गांवोगांवीं होत्या.

आतां कृति. विटांच्या भिंतीवर रंगविलेली पाटी करावयाची तर चित्र साध्या पातळ कागदावर छापावें. घरगुती छापयंत्रांत पांढरी शाई नसते, हें विसरूं नये. म्हणून लाल पार्श्वभूमी छापावी आणि अक्षरांच्या जागीं कागद कोरा सोडावा. मग कागद उलटा ठेवून त्याची पाठ बारीक पॉलिश पेपरनें हलक्या हातानें घांसावी. कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ होईपर्यंत घांसावयाचें. दोनतीन फाटतील, त्याचा खेद करूं नये. नंतर भिंतीवर पाणी घातलेला फेव्हिकॉल लावून कागद बसवावा आणि ओल्या, ताठ केसांच्या कुंचल्यानें टोंचून विटांच्या सांध्यांत उतरवावा. वाळल्यावर तो कागद न वाटतां भिंतीवरचा रंगच वाटतो. कागदाची कापलेली कड पांढरी दिसते व सारा खोटेपणा उघडा करते. म्हणून ती आधींच रंगवून घ्यावी.

उभ्या फलकासाठीं जाड पुठ्ठा पुरे, आणि खांबांसाठीं काडेपेटीच्या काड्या. मात्र आतां फलक गांवच्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहणार, म्हणजे पाहुण्यास कित्येकदां त्याची पाठच दिसणार. ती पाठ मन लावून करावी. आडव्या फळ्या, तिरके टेकू, करडें पडलेलें लांकूड. अण्णांच्या मतें फलकाची पाठच त्याचें वय सांगते.

आणि वय आणावयाचें म्हणजे सरसकट काळें फांसावयाचें नव्हे. ऊन, पाऊस आणि धूर यांपैकीं कोणी काय केलें तें मनाशीं ठरवावें. उन्हानें लाल व पिवळा आधीं उडतो, निळा व काळा मागें राहतात. पाऊस वरून खालीं येतो, म्हणून ओघळ नेहमीं उभे असतात, आणि खिळ्याच्या डोक्याखालीं गंजाची बारीक रेघ उतरते. वळचणीखालचा भाग कोरडा म्हणून ताजा राहतो. स्पिरिटांत काळ्या शाईचे चार थेंब मिसळून त्याचा हात फिरवावा, वर करड्या खडूची पूड बोटानें खालच्या दिशेनें ओढावी. रुळांलगतच्या पाटीस इंजिनाची काजळी अधिक, बाजारांतल्या पाटीस कमी. एक सावधगिरी सांगतों. माझ्या पहिल्या पाट्या खिडकीशेजारीं होत्या. एका उन्हाळ्यांत त्यांचा लाल रंग खरोखरीच उडाला. निसर्गास हें काम सोपवूं नये, तो थांबत नाहीं. पाटीवर निस्तेज व्हार्निशचा हात द्यावा आणि ती थेट उन्हांत ठेवूं नये.

एका पाटीविषयीं सांगून हें भाषण पुरें करतों. माझ्या गांवाचें स्टेशन १९३८ च्या टेनेसीमधील आहे. त्या काळीं दक्षिणेंतील अशा स्टेशनांवर उतारूंच्या दोन वेगळ्या खोल्या असत. एकीच्या दारावर गोऱ्यांसाठीं, दुसरीच्या दारावर काळ्यांसाठीं अशी पाटी असे. आंतरराज्य प्रवाशांच्या बाबतींत ही विभागणी १९५५ सालीं बेकायदा ठरली, आणि १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें तिचा उरलासुरला आधार काढून घेतला. माझ्या मापांत ती पाटी जेमतेम सात मिलिमीटर लांब. दहाबारा फलक मीं हौसेनें केले, पण ही एवढीशी पाटी दोन वर्षें हातून झाली नाहीं. मुलांचा खेळ, त्यांत हें कशाला, असें मन सांगे. मग आपल्याच स्टेशनांवरील 'हिंदु पाणी' व 'मुसलमान पाणी' या पाट्यांच्या वडिलांनीं सांगितलेल्या गोष्टी आठवल्या, आणि अण्णांचा प्रश्न पुन्हां कानीं आला. ही पाटी वाचणार कोण? त्या गांवांतील काळा हमाल ती रोज वाचीत असणार. मीं ती वगळली तर त्या माणसालाच मीं गांवांतून वगळलें असें होईल.

शेवटीं ती मीं केली. भिंगाखालीं, एका केसाच्या कुंचल्यानें. तिला मीं ऊनपाऊस मात्र लावला नाहीं. अशा पाट्या झिजूं दिल्या जात नसत. त्या वेळच्या वेळीं पुन्हां रंगविल्या जात. घरीं येणारीं मुलें गाडी पाहतात, छपरावरचीं मोठीं अक्षरें मोठ्यानें वाचतात, आणि त्यांतलें एखादें वांकून विचारतें, "आजोबा, इथें दोन दारं कशाला?" मग गाडी थोडा वेळ थांबवावी लागते.