घरची सुतारकी : बांधावरची बाभूळ आणि पडवीतला कोपरा



गळिताचा हंगाम ऐन भरात होता. तोडणीची टोळी फडात, तीन गाड्या भरून निघालेल्या, आणि चौथ्या गाडीच्या जूची शिवळ मोडली. मोडली ती काय, तर हातभर लांबीची एक काठी! पण गावातले सुतारनाना लग्नाला परगावी गेलेले. घरात करवत होती, ती गोठ्याच्या आढ्याला खोचलेली आणि गंजून लाल झालेली. पटाशी होती, तिनं घरच्यांनी रंगाचे डबे उघडून तिची धार घालवलेली. शिवळीजोगं वाळलं लाकूड तर शोधूनही सापडेना. गाडी रात्रभर फडातच उभी राहिली. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला तर ठीक, पुढं त्याचं वजन घटत जातं आणि रसातली साखर उलटू लागते, हे शेतकी खात्याचे लोक आपल्याला दरवर्षी सांगतात. ते मी त्या दिवशी स्वतःच्या उसावर अनुभवलं.

तेव्हापासून पडवीचा एक कोपरा मी सुतारकीला दिला आहे. त्याचा अनुभव इथं मांडतो. सुताराचा धंदा काढून घ्यावा असा यात हेतू नाही. गाडीचं चाक भरणं, दरवाज्याची चौकट बसवणं ही कसबी कामं आहेत, ती कसबी हातानंच व्हावीत. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, आणि लाकडी नांगराचं काम हळूहळू सुतारांच्या हातून गेलं. पुढं टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले. तरीही कुदळीचा दांडा, कोयत्याची मूठ, जू, शिवळ, ट्रॉलीच्या तळाच्या फळ्या नि फाळके, गोठ्याची दावण, ही बारीकसारीक कामं दर आठवड्याला निघतातच. ती घरी व्हावीत एवढंच म्हणणं आहे.

पुष्कळ जण सुरुवात हत्यारं विकत घेण्यापासून करतात. माझ्या मतानं सुरुवात लाकडापासून करावी. हत्यार बाजारात एका दिवसात मिळतं. वाळलेलं लाकूड मिळायला वर्ष लागतं.

आपल्या खानदेशात लाकडाचा तोटा नाही. सातपुड्याकडे साग, अंजन, धावडा, तिवस. आणि काळ्या जमिनीच्या बांधावर, नाल्याच्या काठी आपली बाभूळ. अंजन इतकं जड आणि टणक की रंध्याचं पातं बोथट करून सोडतं. तिवस नि धावडा दांड्याला उत्तम. पण साग, खैर, तिवस, अंजन, हळदू ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. तरी तोडण्याआधी आणि गाडीवर घालून नेण्याआधी तलाठ्याकडे नि वनखात्याकडे चौकशी केलेली बरी. पुढं कटकट नको.

ही बाभूळ आपण बहुतेक जण मुळासकट जळाऊ म्हणून विकून टाकतो, आणि तिच्याहून हलक्या लाकडाचे दांडे बाजारातून आणतो. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलंच. सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना बोलावलं, आणि त्यांनी बांबू नि गावात मिळेल त्या सामानावर ते काम उभं केलं. दारचं सामान कमी प्रतीचं समजण्याची सवय आपल्याला नंतर कधीतरी लागली असावी.

आता लाकूड वाळवण्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख इथंच आहे.

सुतारनाना नेहमी म्हणत, "भाऊ, लाकूड पानी पेस." खरोखरच लाकूड पाणी पितं आणि पाणी सोडतं, अगदी झाड तोडून वीस वर्षं झाली तरी. उन्हाळ्यात बैलगाडीचं लाकडी चाक खुळखुळं होतं, आरे हलायला लागतात, लोखंडी धाव सैल पडते, आणि जुनी माणसं चाक नाल्याच्या पाण्यात ठेवायची, हे वयस्कर सभासदांनी पाहिलेलं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो, हवा कोरडी ठाक होते. लाकूड आपल्यातलं पाणी सोडतं आणि आटतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड हवेतली ओल घेऊन फुगतं, आणि घराचं दार चौकटीला घासू लागतं.

पण ते सगळीकडून सारखं आटत नाही. लांबीत जवळजवळ आटतच नाही. रुंदीत आटतं, आणि त्यातही ओंडक्याच्या टोकाला ज्या गोल कड्या दिसतात त्या कड्यांच्या दिशेनं जितकं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. ह्या ओढाताणीत ओंडका सालीपासून गाभ्यापर्यंत तडकतो. अख्खा ओंडका उन्हात टाकून ठेवला तर तो फुटणारच, त्यात नशिबाचा काही दोष नाही. म्हणून बाभूळ तोडल्यावर ओली असतानाच ओंडका गाभ्यातून उभा चिरून दोन फाका कराव्यात. ओढ मोकळी होते आणि मोठी चीर टळते. जाड ओंडके परवान्याच्या सॉ मिलमध्ये चिरून आणावेत. मोठी आरा मशीन घरी बसवायला वनखात्याचा परवाना लागतो.

तोडणी पावसाळा सरल्यावर, थंडीत करावी. उन्हाळ्यात तोडलेलं लाकूड टोकांकडून फार झपाट्यानं वाळतं आणि टोकं फाटतात. कुठल्याही मोसमात तोडलं तरी दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण फासावं. काहीच नसेल तर शेणमातीचा जाड लेप द्यावा. पाणी टोकांतूनच सर्वांत लवकर पळतं, तिथं बूच मारलं की लाकूड सगळीकडून सारखं वाळतं.

बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा फार लागतो. सकाळी फळीखाली पिठाची बारीक ढिगळी दिसली की समजावं. त्या पांढऱ्या भागातलं पिष्ट खायला हा किडा येतो. जुने लोक बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात पूर्ण बुडवून ठेवत, ते उगीच नव्हे. पाण्यात ते पिष्ट निघून जातं. पडीक विहीर, डबकं, शेततळं चालेल. पिण्याच्या विहिरीत मात्र नको, पाण्याला वास सुटतो. आतलं तांबूस लाकूड किडीला बरंच टिकतं, म्हणून चांगल्या कामाला तेच घ्यावं.

मग फळ्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच रचाव्यात. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक ओळीत. पट्ट्या मागंपुढं झाल्या की फळी त्याच आकारात वाकून वाळते, मग कितीही रंधा मारा. वर दगडाचं वजन ठेवावं. इंच जाडीला एक वर्ष असा जुना आडाखा आहे. आपल्या उन्हाळ्यात थोडं लवकरही होतं, पण अंदाजावर जाऊ नये. एक लहान तुकडा निवडून त्यावर खूण करा, तो ढिगातच ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी दुकानच्या तराजूवर तोला. वजन उतरत असेल तोवर लाकूड ओलं. लागोपाठ दोन-तीन वेळा तेच वजन भरलं की वाळलं. काट्यावरच्या वजनाचं महत्त्व ऊसवाल्याला वेगळं सांगायला नको.

दांड्याचं आता सांगतो. कुदळीचा दांडा सैल झाला की आपण कुदळ रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो. सकाळी घट्ट! चार दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त सैल. याचं कारण असं, की लोखंडी डोळ्याच्या आत लाकडाला फुगायला जागा नसते. ते फुगताना त्याचे तंतू आतल्या आत दबून चिरडतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही बारीक होतो. एखाद्या दिवसाची नड भागवायला ठीक, पण ही दुरुस्ती नव्हे. दांडा बसवण्याआधी तीन-चार आठवडे चुलीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावा, पुरता वाळू द्यावा, मग ठोकून बसवावा आणि वरून कोरड्या लाकडाची पाचर मारावी. असा दांडा पावसाळ्यात आणखी घट्ट होतो.

आणि दांडा करवतीनं कापलेल्या फळीतून काढू नये. कुऱ्हाडीनं फोडलेल्या फाकेतून काढावा. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनं फुटतं, म्हणून रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहते. करवत रेषा पाहत नाही, ती मधूनच कापून जाते. बाजारचा गुळगुळीत दांडा पहिल्याच जोराच्या घावाला तिरपा मोडतो तो त्या कापलेल्या रेषेवरच. विकत घ्यायचाच असेल तर उभ्या रेषा डोळ्यांनी पाहून घ्या, गुळगुळीतपणा पाहून नको.

हत्यारं थोडी पुरतात. एक करवत, वाकस, रंधा, पाव, अर्धा आणि एक इंची अशा तीन पटाश्या, हातोडी, लाकडी मोगरी, गुण्या, भोकं पाडायला गिरमिट किंवा हँड ड्रिल, कानस, दोन शिकंजे. पण प्रत्येकाला धार हवी. बोथट पटाशीवर माणूस जोर जास्त लावतो, ती सटकते आणि सरळ डाव्या हातात घुसते. माझ्या पाहण्यातल्या जखमा अशाच झालेल्या आहेत. पटाशीची उतरती बाजू २५ ते ३० अंशांवर धरून तेलाच्या दगडावर घासावी, मग सपाट बाजू दगडावर अगदी आडवी टेकवून आलेली किनार काढावी. कागदाच्या कडेवर धरली तर कागद न फाटता कापला पाहिजे. करवतीचे दात तिकोनी कानशीनं उजळावेत, आणि एक दात डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकलेला आहे ना ते पाहावं. दात सरळ झाले की करवत लाकडात अडकते, आणि आपण दोष लाकडाला देतो.

जागेचं फार काही नाही. पडवीत किंवा खळ्याच्या खोलीत जिथं उत्तरेकडून उजेड येतो तिथं बाक मांडावा. त्या बाजूचं ऊन डोळ्यांत येत नाही. उभं राहून हात खाली सोडला की मनगट जिथं येतं तितका उंच, म्हणजे बहुतेकांना ३२-३३ इंच. वरची फळी जाड, पाय भिंतीला घट्ट. बाक हलला की रंधा उड्या मारतो. आपले गावाकडचे सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पंजात लाकूड धरून काम करतात. वाकसाच्या कामाला ती रीत बाकापेक्षा सरस आहे, म्हणून बाभळीचा एक रुंद ठोकळा खालीही ठेवावा.

भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक हत्यार खिळ्याला अडकवावं आणि त्याच्याभोवती रंगानं त्याचा आकार काढावा. संध्याकाळी एक नजर टाकली की कुठली जागा रिकामी ते कळतं. शेजारी पटाशी मागून नेतात, त्याला नाही म्हणता येत नाही. पण रिकाम्या आकारात खडूनं नाव लिहिलेलं दिसलं की आठवण आपोआप राहते, दोघांनाही! पावसाळ्याच्या तोंडाला पात्यांवर मशीनच्या तेलाचा हात फिरवावा, आणि भुसा हत्याराखाली साचू देऊ नये. तो ओल धरतो.

दोन गोष्टी मात्र जिवाशी खेळणाऱ्या आहेत. दांड्यांना जवसाचं तेल लावणं चांगलं, मूठ हाताला लागत नाही. पण तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना ऊब धरतं, आणि चुरगाळलेल्या फडक्यांत ती ऊब साठून आपोआप पेट घेऊ शकते. शेजारी कडब्याची गंजी नि भुशाचा ढीग असतो, हे लक्षात घ्या. फडकी एकेक पसरून बाहेर वाळत घालावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावीत.

दुसरी विजेची. आता बऱ्याच घरी विजेची छोटी करवत नि रंधा आलेला आहे. काम झपाट्यानं होतं, यात शंका नाही. पण अर्थिंग नसलेल्या जोडणीवर, ओल्या जमिनीवर, मोटारीच्या खोलीतून ओढलेल्या उघड्या वायरवर ते चालवू नये. पात्यावरचं झाकण काढू नये. उपरणं, सैल बाही, हातातलं कडं काढून ठेवावं. फिरत्या पात्याजवळ हातमोजेही नकोत, मोजा अडकला की हात ओढला जातो. जुनं लाकूड चिरण्याआधी त्यात खिळा राहिलेला नाही ना ते तपासावं. पात्याला खिळा लागला तर तुकडा थेट डोळ्याकडे येतो. नाकाला फडकं, डोळ्याला चष्मा, आणि लहान पोरं दाराबाहेर.

यंदा थंडीत बांधावरची एखादी बाभूळ उतरवणार असाल तर बुंध्याचा सरळ भाग सहा-सात फुटांचा तेवढा बाजूला काढा, बाकीची जळाऊ विका. त्यातून शिवळी, दांडे, मुठी नि ट्रॉलीच्या चार फळ्या सहज निघतात. माझ्या पडवीत आज वाळलेल्या सहा शिवळी टांगलेल्या आहेत. मागच्या हंगामात त्यातल्या दोन लागल्या, एक माझ्या गाडीला आणि एक टोळीतल्या मुकादमाच्या.