गाडी गोव्याची, खडी वडखळची

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलं की पुढे डंपर असतोच. ताडपत्री अर्धीच ओढलेली, फाळक्याच्या फटीतून खडी सांडत चाललेली. त्यातला एखादा खडा उसळून येतो आणि पुढच्या काचेवर चांदणीसारखा तडा उमटतो. गाडी जीए, केए किंवा जीजे पासिंगची असेल, तर मालकाला काचेआधी दुसरीच काळजी लागते: बाहेरच्या राज्यात उतरवलेला विमा रायगडात चालेल का?

चालतो. आपल्याकडे गाडीचा विमा राज्यापुरता नसतो, देशभर लागू असतो. नेपाळ किंवा भूतानला गाडी न्यायची असेल तर जादा हप्ता भरून हद्द वाढवून घ्यावी लागते, पण बांदा किंवा तलासरीचा नाका ओलांडायला काही करावं लागत नाही. कॅनडात असं नाही. तिथे प्रांत बदलला की विमाही बदलावा लागतो. ब्रिटिश कोलंबियात तर मूळ विमा प्रांताच्या सरकारी कंपनीकडूनच घ्यावा लागतो. तिकडच्या नातेवाइकांचे सल्ले इकडे लागू पडत नाहीत ते यामुळे.

पण एवढं ऐकून लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. ‘विमा चालतोय ना, मग नंबर राहू दे गोव्याचाच.’ थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल इथे बदलून आलेल्यांकडून आणि अलिबागेत घर घेऊन राहिलेल्यांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. मोटार वाहन कायदा, 1988 काय म्हणतो? दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवायची असेल, तर इथला नंबर घ्यायला हवा. त्यासाठी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला आणायचा, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचाही, इथला कर भरायचा आणि मूळ राज्याकडून उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. हा परतावा मिळवताना चपला झिजतात, हे मान्य. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकरांचं आरटीओ पेणला आहे, म्हणजे नंबर एमएच 06. पुण्याची एमएच 12 गाडी घेऊन आलेल्यांना मात्र नंबर बदलायची गरज नाही. त्यांनी तीस दिवसांत पत्त्यातला बदल नोंदवला की झालं. केंद्र-राज्य सरकारचे व सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकरदार यांना 2021 पासून बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी तोच नंबर चालण्याचा, पर्याय आहे. वारंवार बदली होणाऱ्यांनी तोच घ्यावा.

नोंदणीकडे काणाडोळा केला तर विम्यावर काय बेततं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 30 सप्टेंबर 2021 च्या निकालात दिसतं. राजस्थानातल्या एका गृहस्थांनी पंजाबात नवी बोलेरो घेतली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत 19 जुलै 2011 ला संपली. कायम नोंदणी झालेली नव्हती. 28 जुलैच्या रात्री जोधपूरच्या एका गेस्ट हाउसबाहेरून गाडी चोरीला गेली. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता, तरी भरपाई मिळाली नाही. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हाच अटींचा मूलभूत भंग, असं न्यायालयाने ठरवलं. हा खटला परराज्याच्या नंबरचा नव्हे, मुदत संपलेल्या नोंदणीचा. वैध गोव्याच्या नंबरामुळे काचेचा क्लेम बुडेल असा त्याचा अर्थ काढू नये. पण हप्ता भरला की नोंदणीतलं सगळं माफ, हा समज त्याने मोडीत काढला. पेणचा नंबर मिळाल्यावर तो विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्यायची. चासी नंबर तोच असतो म्हणून लोक हे टाळतात आणि ऐन क्लेमच्या वेळी कागद जुळत नाहीत.

समुद्रकाठचा नंबर घेतला की वादळांमुळे हप्ता वाढतो, हीही एक समजूत. खासगी गाड्यांसाठी विम्यात दोन विभाग धरण्याची पद्धत आहे. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, अहमदाबाद, बंगळूर, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता ही आठ शहरं. बाकी सगळा देश ‘ब’. म्हणजे बंगळूरची गाडी पेणला नोंदली तर स्वतःच्या नुकसानीचा हप्ता थोडा उतरतोच. थर्ड पार्टीचा दर देशभर एकच असतो, इंजिनाच्या सीसीवर ठरलेला.

गोव्यातून जुनी गाडी घेतलेल्यांसाठी एकच सूचना. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करा, पण नुसता अर्ज करून थांबू नका, पॉलिसी नावावर झाली का ते बघा.

आता काच. इथे सल्लागारांचं पीक उदंड. ‘झिरो डेप नसेल तर काचेचे पैसे अर्धेच मिळतात,’ हे तर गॅरेजवालेसुद्धा सांगतात. प्लास्टिक, रबर, बॅटरीवर पन्नास टक्के घसारा कापला जातो हे खरं; काचेवर घसारा शून्य आहे, झिरो डेप (घसारा न कापण्याची पुरवणी) नसलं तरी. तुमच्याकडून जातो तो सक्तीचा वाटा: 1500 सीसीपर्यंत एक हजार, त्यापुढे दोन हजार रुपये. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र काचेचा छदामही मिळत नाही.

दैवी आपत्ती विम्यात बसत नाही, हेही चूक. सर्वंकष विम्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात गाडीवर झाड पडलं असेल तर तेही. वाडीत लावलेल्या गाडीवर नारळ पडून काच फुटली तर तो बाहेरून झालेला अपघातच. पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करायला गेलात आणि इंजिन बसलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही. काशीदच्या वाळूत भरतीच्या वेळी गाडी घालणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

बसतंय म्हणून क्लेम टाकावाच असं मात्र नाही. समजा, तुमच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता नऊ हजार आहे आणि पाच वर्षं क्लेम न केल्याने पन्नास टक्के सूट मिळते, म्हणजे भरता साडेचार हजार. काच सात हजारांची. वाटा वजा जाता हाती सहा हजार. पुढच्या वर्षी सूट शून्य, म्हणजे साडेचार हजार जास्त. त्यापुढच्या वर्षी सूट वीस टक्के, म्हणजे सत्तावीसशे जास्त. तिसऱ्या वर्षी पंचवीस टक्के, म्हणजे साडेबावीसशे जास्त. सहा हजारांसाठी तीन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गेले. नो क्लेम बोनस सांभाळणारी पुरवणी घेतली असेल किंवा काचेमागे कॅमेरा असलेली महागडी गाडी असेल, तर गणित उलटं होतं. म्हणून आधी काचेचा भाव विचारावा, मग कंपनीला फोन करावा. क्लेम टाकायचाच असेल तर काच बदलण्याआधी कळवून पाहणी करून घ्यावी.

छोटा तडा दिसला की काच बदलायलाच हवी, असंही नाही. पुढची काच दोन थरांची, मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पडदा असलेली असते. म्हणून ती फुटून अंगावर येत नाही. रुपयाएवढी खूण कडेपासून आणि चालकाच्या नजरेपासून दूर असेल, तर राळेसारखं द्रव्य भरून ती दुरुस्त होते. पण लवकर केलं तरच. आत धूळ-पाणी गेलं किंवा वडखळच्या खड्ड्यांनी तडा कडेपर्यंत पळाला की काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही. काही कंपन्या पुरवणी घेतल्यास अशी दुरुस्ती क्लेम म्हणून मोजतही नाहीत.

आणि काच बदलली की तिच्यावरचा फास्टॅगही गेला. जुना सोलून नव्या काचेवर चिकटवता येत नाही. बँकेकडून बदली टॅग मागवावा लागतो. पेणचा नवा नंबर घेणार असाल तर फास्टॅगवरही तो नोंदवावा लागेल. ही दोन्ही कामं जवळपास असतील, तर आधी नंबर हाती येऊ द्या, मग काचवाल्याकडे जा.