बदकाचा आवाज आणि माणसाचे व्याकरण

निसर्गातील ध्वनींची नक्कल करणारे शब्द सर्व भाषांत सारखेच असावयास हवेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोंबडा काही देशाची सीमा पाहून आरवत नाही! तथापि स्वीडिश आणि डॅनिश या एकाच कुळातील दोन भाषा पाहाव्यात. स्वीडिश बदक 'क्वाक क्वाक' करते, तर चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडचे डॅनिश बदक 'राप राप'. डोनाल्ड डकच्या भाच्यांची डॅनिश नावे रिप, राप आणि रुप अशी आहेत. त्यांतील मधले नाव म्हणजे तेथील बदकाचा आवाजच होय. स्वीडिश डुक्कर 'नोफ' करते, डॅनिश डुकराला तो 'न'ही नको असतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर धातू एकच, टांकसाळी मात्र निराळ्या.

फर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने 1916 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली. असे शब्द थोडे असतात आणि तेही अंशतः संकेतानेच ठरतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यातील दुसरा भाग मान्य करावा लागतो. पहिला मात्र मराठी माणसाला पटणे कठीण.

पोलिश भाषेचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे दारावर ठकठक करीत राहणे म्हणजे 'पुकाच'. एकदाच ठोकणे म्हणजे 'पुक्नोंच'. पाणी ठिबकत असेल तर 'कापाच', एकच थेंब पडला तर 'काप्नोंच'. कुजबुजणे 'शेप्ताच', हळूच एखादा शब्द कानात सांगणे 'शेप्नोंच'. म्हणजे ध्वनीची नक्कल करणारा शब्द क्रियापद बनून काळ, पुरुष, वचन यांचे सर्व नियम पाळतो. शिवाय क्रिया एकवार घडली की वारंवार, हेही सांगतो. ज्युलियन तुविमसारख्या श्रेष्ठ कवीने (1894-1953) 'लोकोमोतीवा' या बालकवितेत आगगाडीची गती अशाच नादांतून उभी केली आहे.

आपल्याकडे हाच भेद 'टपटप' आणि 'टपकन', 'खटखट' आणि 'खटकन' या जोड्यांत आहे. पोलिशशी देवघेव न होता तो येथे सिद्ध झाला. परंतु शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांच्या प्रकरणात 'अनुकरणवाचक' म्हणून चार उदाहरणे पाठ करून घेतली की विषय संपतो. निबंधात असा शब्द आला, तर तो बालिश ठरवून त्याखाली तांबडी रेघ ओढणारे शिक्षकही आहेत. त्याच शिक्षकाला एखादे वाक्य 'खटकते', तेव्हा हे क्रियापद मुळात कोणत्या आवाजातून आले, हे त्याने वर्गाला अवश्य विचारावे.