100 गुण शेवटी, 9 गुण दुसरे! युनिक्सची ‘सॉर्ट’ कमांड असं का करते?

समजा, चौघांना 100, 95, 88 आणि 9 असे गुण मिळाले. ही यादी युनिक्स किंवा लिनक्सवर ‘सॉर्ट’ने उतरत्या क्रमाने लावली, तर उत्तर येतं: 95, 9, 88, 100. पहिल्या तिघांना शिष्यवृत्ती द्यायची असेल, तर 9 गुणांचा विद्यार्थी आत आणि पैकीच्या पैकी मिळवणारा बाहेर! आणि स्क्रीनवर एररही दिसत नाही.

असं का होतं?

‘सॉर्ट’ ही 1971 च्या पहिल्या युनिक्सपासूनची कमांड. वेगळं सांगितलं नाही, तर ती आकड्यांनाही शब्दच समजते आणि शब्दकोशासारखं एकेक अक्षर ताडून पाहते. 9 हे चिन्ह 1 च्या नंतर येतं, म्हणून 9 मोठा आणि 100 लहान. ‘-एन’ हा पर्याय दिला की तुलना संख्या म्हणून होते.

मग तरीही यादी का चुकते?

अनेक जुन्या यंत्रणांच्या फाइलमध्ये स्वल्पविराम नसतात, रकान्यांची रुंदी ठरलेली असते. उदाहरणार्थ, 1 ते 20 जागांवर नाव, 21 ते 23 वर गुण आणि लगेच 24 पासून हजेरी क्रमांक. इथे दोन घोळ होतात.

पहिला घोळ नावांचा. ‘सॉर्ट’ रिकाम्या जागेवरून रकाने ओळखते. नाव-आडनाव असेल तर गुण तिसऱ्या रकान्यात येतात. पण वडिलांचंही नाव लिहिलं असेल, तर तिसऱ्या रकान्यात आडनाव येतं. आडनावात संख्या नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. 98 गुणांची मुलगी थेट तळाला!

दुसरा घोळ चिकटलेल्या आकड्यांचा. रकाना कुठे संपतो हे सांगितलं नाही, तर 95 गुण आणि हजेरी क्रमांक 7 मिळून 957 होतात. 9 गुण आणि क्रमांक 1204 मिळून होतात 91204.

उपाय काय?

नेमकी जागा सांगायची:

सॉर्ट -टी '|' -के 1.21,1.23एनआर यादी

(प्रत्यक्षात हे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचं.) ‘टी’पुढे फाइलमध्ये कुठेही नसलेलं चिन्ह द्यायचं, त्यामुळे अख्खी ओळ एकच रकाना मानली जाते. त्यातली 21 ते 23 ही जागा घ्यायची. ‘एन’ म्हणजे संख्या, ‘आर’ म्हणजे उतरता क्रम.

मराठी फाइल असेल तर?

९५ असे देवनागरी अंक ‘-एन’ला कळत नाहीत, ते शून्य धरले जातात. नावं देवनागरीत असतील तर जागाही सरकू शकते. कारण यूटीएफ-8 मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह 3 बाइट घेतं आणि ‘सॉर्ट’च्या अनेक आवृत्त्या अक्षरं नाही, बाइट मोजतात. अशा वेळी गुणांचा रकाना ओळीच्या सुरुवातीला आणणं सोपं.

खात्री कशी करायची?

लिनक्सवर ‘--डीबग’ जोडा. तुलनेसाठी ओळीचा कोणता भाग घेतला, त्याखाली रेघ दिसते. आणि निकाल त्याच फाइलमध्ये ‘>’ चिन्हाने वळवू नका. सॉर्ट सुरू होण्याआधीच मूळ फाइल रिकामी होते. नवीन नाव द्या, म्हणजे मूळ यादी शाबूत राहील.