हृदयाचा उपसा

गेल्या दिवाळीत आमच्या आत्याची जोडवी साबण लावूनही निघेनात. पाथर्डी तालुक्यातल्या तिच्या घरी सगळ्यांनी दोष दिला तो फराळासाठी तासन् तास उभं राहण्याला. ती रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची, कारण आडवं झालं की जीव गुदमरायचा. नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर पडलेला खळगा बराच वेळ तसाच राहायचा. शेवटी अहिल्यानगरला नेऊन टू-डी इको केला. कागदावर आकडा आला : ईएफ ३० टक्के.

"म्हणजे सत्तर टक्के हृदय गेलंच का रे?" आत्यानं विचारलं.

तसं नसतं. निरोगी हृदयाचा डावा कप्पाही कधी पूर्ण रिकामा होत नाही. दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त तो पुढे ढकलतो; हीच टक्केवारी म्हणजे ईएफ. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त उपसतं, दिवसाला लाखभर ठोके देतं. हा उपसा कमी पडला की मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, पायात उतरलं की सूज येते. काहींचं हृदय आकुंचन नीट पावतं, पण ताठरल्यामुळे भरतच नाही. त्यांचा ईएफ चांगला दिसतो आणि तरी चार पायऱ्या चढवत नाहीत.

आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. डॉक्टर तेच शब्द थकलेल्या, पण चालू असलेल्या हृदयासाठी वापरतात. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी घरं उपचाराआधीच उमेद सोडतात.

बिरवाडीचा विंचू

थकलेल्या हृदयावरचं एक मोलाचं संशोधन महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झालं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीला रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं तेव्हा धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, मग धाप आणि तोंडाला फेस. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून हे सगळं टिपत गेले. त्यांच्या ध्यानात आलं की माणूस मरतो तो हृदय हरल्यामुळे. विषानं शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या दाबापुढे हृदयाला रक्त बाहेर टाकता येत नाही. मग फुप्फुसात पाणी भरतं.

पुढची वाट मोकळी केली तर? रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. दंशाच्या हृदयावरील लक्षणांचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, प्राझोसिनवरचा १९८६ साली. चाळीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या सगळ्या कामात बरोबरीनं होत्या. त्याआधी १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला होता. वाढलेला रक्तदाब हे हृदय थकण्याचं एक मोठं कारण असल्यानं ते कामही याच वाटेवरचं.

चार औषधं

बावस्करांच्या कामाच्याच सुमाराला जगात थकलेल्या हृदयाबद्दलचा विचार पालटत होता. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरच्या अभ्यासातून रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्यांचा नवा वर्ग निघाला. त्यातल्या एनालाप्रिलनं अत्यवस्थ रुग्णांमधले सहा महिन्यांतले मृत्यू ४० टक्क्यांनी घटवल्याचं १९८७ साली दिसलं. हृदयाची गती कमी करणारी बीटा ब्लॉकर तर अशा रुग्णांना वर्ज्य मानली जात. स्वीडनच्या फिन वाग्स्टाइन यांनी १९७५ साली अवघ्या सात रुग्णांवरचा उलटा अनुभव लिहिला. तो पटायला चोवीस वर्षं लागली. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीनं मृत्यूंत ३० टक्के घट दाखवली. २०१९ साली डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी ठरलं. आज कमी ईएफच्या रुग्णाचा उपचार या चार प्रकारच्या औषधांवर उभा आहे आणि ती सगळी जेनेरिकमध्ये मिळतात.

गोळी फडावर पोचते का?

मग अडतं कुठे? त्रिवेंद्रममध्ये २०१३ साली हृदय थकलेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचं सरासरी वय ६१ होतं. वर्षभरात जवळपास तिघांतला एक गेला. औषध आहे, पण ते न चुकता, वर्षानुवर्षं पोटात जायला हवं.

आमच्या भागात ते आणखी अवघड. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, कोयता मागे ठेवता येत नाही. महिन्याची पट्टी फडावर संपते, तिथून दवाखाना लांब, खाडा केला तर मजुरी बुडते. पाय सुजलेला माणूस मोळ्या वाहतच राहतो.

यावरचं उत्तरही याच जिल्ह्यात सापडलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं आणि दवाखान्याबाहेरचं आरोग्य त्यांच्या हाती सोपवलं. हृदय थकलेल्या रुग्णाची देखरेख हे अशाच हातांचं काम आहे. रोज सकाळी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी समजून डॉक्टर गाठायचा. लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ बंद. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही. टोळी निघताना मुकादमाच्या हिशेबाच्या वहीइतकीच सहा महिन्यांच्या गोळ्यांची पिशवीही महत्त्वाची मानली, तर पुष्कळ जीव वाचतील.

आत्या आता आडवी होऊन झोपते. जोडवी पुन्हा सैल झाली आहेत.

यंदा पाडव्याला घरातल्या मोठ्यांच्या पाया पडाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून पाहा. खळगा राहिला, तर भाऊबीज होण्याची वाट पाहू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.