विश्लेषण : कान ठणकतोय... ‘मेडिकल’मध्ये जायचे की डॉक्टरकडे?

भिवंडीत यंत्रमागाची रात्रपाळी सुटली की कल्याण नाका, धामणकर नाका, शांतीनगर अशा भागांतल्या औषध दुकानांत गर्दी होते. ‘कान दुखतोय, कानात टाकायला काहीतरी द्या’, ही तिथली नेहमीची मागणी. डॉक्टरकडे गेले तर रांग, रांगेत वेळ गेला तर खाडा आणि मीटरवर मजुरी मिळणाऱ्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. त्यामुळे काउंटरवरून थेंबांची बाटली घ्यायची आणि कामावर जायचे, असा हिशेब केला जातो. काही वेळा तो बरोबर ठरतो. काही वेळा मात्र याच हिशेबाने कायमचे ऐकू येणे जाते. कोणता त्रास औषध दुकानावर निभावतो, कोणत्या त्रासाला डॉक्टरच लागतो आणि कायदा काय सांगतो, याविषयी...

कानाचा त्रास ओळखणे इतके अवघड का?

घसा तोंड उघडून दिसतो, त्वचेवरचे पुरळही दिसते. कानाचा पडदा मात्र सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीच्या वाकड्या नळीच्या टोकाला असतो. तो पाहायला दिवा आणि भिंग असलेले ऑटोस्कोप नावाचे उपकरण लागते. बाहेरून ‘कान दुखतोय’ एवढीच तक्रार असली, तरी आत अनेक गोष्टी असू शकतात. मळ घट्ट बसलेला असतो, नळीत फोड आलेला असतो, पावसाळी दमटपणामुळे बुरशी वाढलेली असते किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पू साठलेला असतो. कधी कान निरोगी असतो आणि दुखणे किडलेल्या दाढेचे किंवा घशाचे असते. या प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

दुखणे थांबले म्हणजे आजार बरा झाला का?

नाही. या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. पडद्यामागे पू साठतो तेव्हा दाबामुळे ठणका असह्य होतो. पडदा फाटून पू बाहेर आला की दाब उतरतो आणि ठणका एकदम थांबतो. घरच्यांना वाटते, औषध लागू पडले. प्रत्यक्षात पडद्याला छिद्र पडलेले असते. बहुतेकदा ते आपोआप भरून येते. ते भरले नाही आणि कान दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहत राहिला, तर तो जुनाट संसर्ग समजला जातो. अशा कानात बहुधा वेदना नसतात. त्यामुळे ‘कान फुटलाय, पण दुखत नाही’ म्हणत लोक वर्षे काढतात. या काळात ऐकू येणे कमी होत जाते. काहींच्या कानात हाड कुरतडत जाणारी त्वचेची गाठ वाढते. तिला दुर्गंधीयुक्त स्राव असतो, पण दुखणे फारसे नसते आणि तिच्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते.

दुसरे कारण औषधातच असते. बाजारात मिळणाऱ्या अनेक थेंबांत जंतुनाशक, बुरशीनाशक, स्टिरॉइड आणि भूल देणारे लिग्नोकेन अशी चार औषधे एकाच बाटलीत असतात. लिग्नोकेनमुळे काही मिनिटांत बरे वाटते, पण आतला आजार तसाच राहतो. म्हणून डॉक्टरकडे जायचे की नाही, हे केवळ दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरवू नये. कान वाहतोय का, ऐकू कमी येतेय का, तोल जातोय का आणि रुग्णाचे वय काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

चुकीच्या थेंबांनी काय बिघडते?

जेंटामायसिन, निओमायसिन या गटातली औषधे पडद्याला छिद्र असताना आत गेली, तर ऐकण्याच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. बुरशी असताना केवळ जंतुनाशक आणि स्टिरॉइडचे थेंब टाकले तर बुरशी आणखी फोफावते. पावसाळ्यात ‘थेंब टाकले तरी खाज वाढतेच आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांच्या कानात हेच घडलेले असते. गरज नसताना प्रतिजैविके वापरली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात, हा तोटा तर सगळ्या गावाचा आहे.

घरगुती उपायांचेही तसेच आहे. लसूण घालून कडकडीत केलेले तेल, माचिसची काडी, केसांची पिन, रस्त्यावर बसणाऱ्याकडून कान कोरून घेणे, यांमुळे नळी भाजते, सोलली जाते किंवा पडदा फाटतो. कापसाची काडी मळ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते. मुळात मळ ही घाण नव्हे. तो कानाचे रक्षण करतो आणि बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर येतो.

औषध दुकानदार चिठ्ठीविना काय देऊ शकतो?

औषध नियम, १९४५ नुसार ‘शेड्यूल एच’मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात. प्रतिजैविके आणि स्टिरॉइड असलेले कानाचे थेंब साधारणपणे याच वर्गात येतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार अशा औषधाची विक्री करताना रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविकांच्या पाकिटावर दिसणारी उभी लाल रेघही हेच सांगते की, हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. जुनी चिठ्ठीही पुन्हा चालत नाही. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे, असा नियम आहे.

चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले जावे, हेही बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०१२-१३ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्टची हजेरी, चिठ्ठी आणि बिल यांबाबत कडक मोहीम घेतली, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी राज्यात बंदचे हत्यार उपसले होते. नियम कागदावर असणे आणि काउंटरवर पाळला जाणे यांतले अंतर त्या वेळी सर्वांनी पाहिले.

मग फार्मासिस्टचा उपयोग काय?

भरपूर आहे. डॉक्टर नव्हे, पण औषधांचे रीतसर शिक्षण घेतलेली ती व्यक्ती आहे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल किती आणि किती वेळाने घ्यायचे, मुलाच्या वजनानुसार मात्रा किती, रुग्ण आधीपासून घेत असलेल्या गोळ्यांबरोबर ते चालेल का, हे फार्मासिस्ट सांगू शकतो. मळ मऊ करणारे थेंब कसे वापरायचे तेही तो समजावतो. चांगला फार्मासिस्ट औषध देण्याआधी विचारतो : किती दिवसांपासून दुखतेय? कानातून पाणी येतेय का? ताप आहे का? मधुमेह आहे का? पूर्वी कानाचे ऑपरेशन झालेय का? त्याने विचारले नाही, तर या गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. आणि ‘हे डॉक्टरांना दाखवा’ असे तो म्हणाला, तर गिऱ्हाईक परत पाठवून त्याने आपले भलेच केले असे समजावे.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजना सुरू आहे. तिथे सात ठरावीक आजारांवर फार्मासिस्ट स्वतः उपचार देऊ शकतात आणि १ ते १७ वर्षे वयाच्या मुलांचा कानाचा संसर्ग त्यांत आहे. मात्र त्यासाठी फार्मासिस्टला ऑटोस्कोपने कान तपासावा लागतो, ठरवून दिलेल्या निकषांवर निर्णय घ्यावा लागतो आणि नोंद ठेवावी लागते. म्हणजे तिथेही आत पाहिल्याशिवाय औषध नाही. आपल्याकडे फार्मासिस्टला रोगनिदान करून प्रतिजैविक देण्याचा अधिकार नाही.

केव्हा औषध दुकान पुरे?

प्रौढ व्यक्तीच्या कानात हलके दुखत असेल, ताप नसेल, कान वाहत नसेल, ऐकू नीट येत असेल, तर वेदनाशामक घेऊन एक-दोन दिवस वाट पाहायला हरकत नाही. सर्दीमुळे किंवा प्रवासानंतर कानाला दडे बसले असतील तर तेही बहुधा आपोआप सुटतात. पूर्वी तपासून मळच असल्याचे ठरलेले असेल आणि पडद्याला छिद्र नसेल, तर मळ मऊ करणारे थेंब तीन ते पाच दिवस टाकता येतात. थेंब टाकण्याआधी बाटली मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी गरगरते. कुशीवर झोपून थेंब टाकावेत आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. बाटलीवरची तारीख पाहावी. कानाचे थेंब डोळ्यांत कधीही टाकू नयेत. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर दुसरी बाटली न घेता डॉक्टरांकडे जावे.

केव्हा थेट डॉक्टरकडे?

कानातून पू, पाणी किंवा रक्त येत असेल, ताप असेल, ऐकू कमी येत असेल, मधुमेहाच्या रुग्णाचा कान रात्री झोप लागू न देण्याइतका दुखत असेल, पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा दुखणारे मूल दोन वर्षांच्या आतले असेल, तर दुकानात वेळ घालवू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याच दिवशी दाखवावे.

काही लक्षणांत तर तासांचा हिशेब असतो. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, तीव्र चक्कर, मान ताठरणे किंवा मुलाने कानात बटणासारखी बॅटरी घालणे, यांत त्वरित रुग्णालय गाठावे. ही बॅटरी काही तासांत आतली त्वचा जाळते. हरभरा किंवा वाटाणा अडकला असेल तर पाणी घालू नये, तो फुगून घट्ट बसतो.

एक लक्षण फसवे आहे. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे होते. दुखत काहीच नाही. ‘मळ असेल’ म्हणून थेंब टाकत आठवडा जातो. हे आतल्या कानाचे किंवा नसेचे बिघडणे असू शकते. त्यावर स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. पहिले काही दिवस यात मोलाचे असतात.

भिवंडीत हा प्रश्न अधिक गंभीर का?

साध्या शटलच्या यंत्रमागांच्या खोलीत आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. असा आवाज वर्षानुवर्षे कानावर पडला तर बहिरेपण येते. ते हळूहळू येते, दोन्ही कानांत येते आणि त्यात काहीही दुखत नाही. कान गुणगुणणे, घरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागणे, गर्दीत शब्द न कळणे ही त्याची सुरुवात. यावर कुठल्याही दुकानात थेंब नाहीत. कानात बसवायचे प्लग किंवा कानावरचे मफ वापरणे आणि श्रवणचाचणी करून घेणे एवढेच हाती आहे. आवाजामुळे आलेले बहिरेपण कामगार कायद्यात व्यवसायजन्य आजार मानले जाते. मात्र ते सिद्ध करायला तपासणीचा कागद लागतो. औषध दुकानाच्या बिलावर ते सिद्ध होत नाही.

खर्च आणि खाड्याचे काय?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आधी दाखवून, गरज असल्यास नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणी होते. त्यात ऐकण्याचे दोष आणि कान वाहणे या दोन्हींचा समावेश आहे. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरमधून देशात सुरू झाला. शाळेत पथक आले की ‘मुलाचा कान वाहतो’ हे पालकांनी सांगायला हवे. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळतो, पण फोनवरून पडदा दिसत नाही. तेव्हा कुठे जायचे हे विचारण्यासाठीच त्याचा उपयोग करावा. खासगी दवाखान्यात गेल्यास डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

सर्दीनंतरचे दडे किंवा ताप नसलेले हलके दुखणे याला दोन दिवस आणि औषध दुकान पुरते. वाहणारा कान, कमी झालेले ऐकू येणे, चक्कर किंवा लहान मूल असेल, तर एका दिवसाचा खाडा सोसून कान डॉक्टरांना दाखवणेच स्वस्त पडते.